छावणीतून परतलेला मग

मित्रांनो, मी तामचिनीचा एक जुना मग आहे. अचलपुरात हमिदाबींच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. त्यांचा नवरा कुर्बान फौजेत भरती झाला, तेव्हा मी त्याला मिळालो.

एकाहत्तरच्या लढाईत पायाला गोळी लागून कुर्बान शत्रूच्या हाती सापडला. वर्षभर आम्ही बंदिछावणीत होतो. तिथला एक अधिकारी त्याला रोज म्हणायचा, "तू तर आमचाच. रेडिओवर दोन शब्द आमच्या बाजूने बोल, हाल संपतील." कुर्बान बोलला नाही. मग पहारेकऱ्यांचे बूट वाजायचे आणि त्याला हात वर करून तासन्‌तास उभं करायचे. जखम भळभळा वाहायची. कैद्याचे हाल करू नयेत असा जगाचा कायदा आहे, हे मी फार नंतर ऐकलं.

सुटून आला तेव्हा गावाने त्याला हार घातले. पण महिन्याभरातच, मला घेऊन तो चहा आणायला गेला असता, त्याचा शाळासोबती खुशालराव टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "वर्षभर त्यायनं याले जित्ता काहून ठेवला? झाला असन त्यायचाच!"

लोक हसले. कुर्बान मला रिकामाच घेऊन घरी आला. पुढे पंधरा ऑगस्टला तो कधी झेंड्याजवळ गेला नाही. हमिदाबींशिवाय कुणाजवळ छावणीचं नावही काढलं नाही.

आता त्याला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. माणसं ओळखू येत नाहीत. बुटांचा आवाज आला की मात्र धडपडत उठतो आणि हात वर करतो. "दादा असं काहून करतात?" असं नातीने, लुबनाने विचारलं, तेव्हा हमिदाबींनी तिला सारं सांगितलं. पोरीने तडक खुशालरावांचं घर गाठून त्यांना ते सगळं ऐकवलं.

दुसऱ्याच दिवशी खुशालराव आले. दारात बूट वाजले आणि कुर्बान उठला, हात वर. खुशालरावांनी तिथेच बूट काढले. मग जवळ येऊन त्याचे हात धरून हळूच खाली घेतले.

"माफ कर गा, कुर्बान. मी लय वाईट बोललो होतो."

कुर्बानने त्यांना ओळखलं नाही. तो म्हणाला, "साब, मैंने कुछ नहीं बोला."

खुशालराव तिथेच खाली बसून रडले. हमिदाबींनी माझ्यातून त्यांना पाणी दिलं.

मित्रांनो, कैदेतून सुटून आलेल्या माणसाला संशयाने पाहू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचं ऐका. माफी मागायची असेल तर तो ओळखतो आहे तोवर मागा.