आतलं बोलणं

मी नारायण पेठेतल्या एका खोलीचा दरवाजा बोलतोय. जयसिंग सुतार मला घडवत होता, तेव्हा सुहासिनीताई त्याला सारख्या बजावत होत्या, "आतला शब्द बाहेर जाता कामा नये." ताई मुलांच्या समुपदेशक. मूल आत, आईबाप बाहेर बाकावर आणि मध्ये मी.

बाहेरच्यांना धीर निघत नाही. कुणी मला कान लावतं, कुणी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकतं. मी कुणालाच दाद दिली नाही.

एके दुपारी रझिया आली. नववीतली. धाकटा भाऊ नियाज कालव्यात बुडाला, तेव्हापासून ती धड जेवत नव्हती.

"अब्बांना सांगाल?" तिने आधी विचारलं.

"तुझ्या जिवाला धोका असेल, तरच. आणि तेही आधी तुला सांगून," ताई म्हणाल्या.

मग ती बोलली. त्या दिवशी कालव्याच्या काठाने येताना नियाज उचलून घे म्हणून रडत होता. तिने वैतागून त्याचा हात झटकला आणि पुढे चालू लागली. मागे वळून पाहिलं, तर तो नव्हता. घरी मात्र तिने सांगितलं होतं, तोच हात सोडवून पळाला.

मी लाकडाचा खरा, पण माझ्या बिजागऱ्या गारठल्या.

तिचे वडील रज्जाकभाई मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा व्यापार करत. एकदा ते एकटेच आले. "मॅडम, पोरगी वाळत चाललीय. बाप आहे मी तिचा. मला जाणून घ्यायचा हक्क नाही का?" बोलता बोलता ते रडू लागले.

ताईंना वाटलं, कळलं तर हा माणूस तिला पोटाशी धरेल. रझियाला न विचारताच त्यांनी सांगून टाकलं.

रज्जाकभाई ओरडले नाहीत. घरी जाऊन गप्प झाले, एवढंच.

रझिया पुन्हा आली, पण आत शिरली नाही. माझी चौकट घट्ट धरून उभी राहिली. "अब्बांनी मारलं असतं तरी चाललं असतं. ते माझ्याकडे बघतच नाहीत. तुम्ही आधी मला सांगणार होतात ना?"

ताई खुर्चीतून उठेपर्यंत ती जिना उतरून गेली होती.

ती सोलापूरला मावशीकडे शिकायला गेली, ती तिकडचीच झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी रज्जाकभाई आले. पार थकले होते. "फोनवर हो-नाही एवढंच बोलते. इथे यायची, तेव्हा कशी बोलायची हो?"



आता मी फुगलोय, नीट लागत नाही. खोली रिकामी असली, की चौकटीवर कुणाची तरी बोटं आवळल्यासारखी वाटतात. कुणीच नसतं.

बाकावर बसलेल्या आईबापांनो, तुमचं मूल बाहेर आलं, की आत काय बोललास ते विचारू नका. भूक लागलीय का, एवढं विचारा आणि त्याला घरी न्या.