दगडावरच्या रेघा

घरात लादीन असली की मम्मीच्या अंगात येतं. संध्याकाळी शेजारीपाजारी खुरसासमोर, म्हणजे क्रुसापुढे, प्रार्थनेला जमणार, उकडलेले चणे खाऊन जाणार. तेवढ्यासाठी ही बाई सकाळपासून घर खरवडून काढते. मी मात्र खोलीत सारखी आत-बाहेर करत एकच काळा दगड भिंगाखाली बघत होते.

हिमालयातल्या एका घळीतला चपटा दगड. त्यावर पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक रेघा, म्हणजे ग्रॅप्टोलाइट. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या चिमुकल्या जीवांच्या वसाहती. त्यांची एकेक जात दूरदूरच्या समुद्रांत पसरायची आणि लवकर संपायची. म्हणून लांबच्या दोन खडकांत एकच जात सापडली, की ते थर एका वयाचे. डोंगरापलीकडच्या घळीत मला एकाच बाजूला करवतीसारखे दाते असलेली जात मिळाली होती. या दगडावरही तीच आहे, असं मी पुण्यात छातीठोकपणे सांगून बसले होते. अख्खा प्रबंध त्यावर उभा होता.

आणि इथे गावी, कट्ट्याच्या घरात, दुसऱ्या बाजूलाही दाते दिसत होते. पुसट, पण होते. म्हणजे जात वेगळी, आधीच्या काळातली; हा थर कितीतरी जुना, आणि माझी मेहनत पाण्यात! जीव थाऱ्यावर राहीना. भिंग आपटलं आणि मेणबत्त्या आणायच्या निमित्ताने बाजारात गेले.

परत आले तर दगड पडवीत वाळत ठेवलेला. स्वच्छ, कोरा.

"शेजारच्या पोरांनी तुझ्या दगडार पेन्सिलीन रेघोट्यो मारल्यो होत्यो गो," मम्मी खुशीत म्हणाली. "राख लावन नारळाच्या सोडणान घासून काढलंय. बरो दिसता मां?"

जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवलेली बाई. घाणेरडी पाटी तिला बघवतच नाही.

मी किंचाळले. त्या रेघा काय होत्या ते रडत-ओरडत सांगितलं. ती पायरीवर बसली.

"माका काय म्हायत! दुसरो शोधलो तर गावाचो नाय?"

"नाय गावाचो!"

आणि ओरडता ओरडताच लक्षात आलं, मला हलकं वाटतंय. आता कुणीच तपासू शकणार नव्हतं. त्या हलकेपणाची मला किळस आली.

मम्मीने माझा फोन ओढून घेतला, माझ्या मार्गदर्शक सुगंधा मॅडमना लावला आणि शाळेतल्या मराठीत सगळा गुन्हा स्वतःच्या माथी घेतला. "माझ्या मुलीची काही चूक नाही हो."

"तुम्ही रडू नका," स्पीकरवर मॅडम म्हणाल्या. "तिने पाठवलेला दगडाचा फोटो धूसर आहे, पण रॉविनाने स्वतः भिंगाखाली पाहिलंय. रॉविना, दाते एकाच बाजूला होते ना? तू हो म्हण, मी तुझ्या शब्दावर पुढे जाते."

मम्मी डोळे पुसत माझ्याकडे बघत होती आणि मान हलवून सांगत होती, हो म्हण.

"दोन्ही बाजूंना होते, मॅडम," मी म्हणाले. "माझी जुळणी चुकली आहे."