ओढ्याकडचा उतार

मी एका पार्किंगचा उतार बोलतोय. आखाडा बाळापूरच्या बाहेर, रस्त्याला लागून एक नवं मंगल कार्यालय झालं आहे. त्याच्या गाड्या उभ्या करायच्या जागेसाठी मला आखलं होतं. पण मला शोधायला तिथे जाऊ नका, तिथे दुसराच उतार आहे. मी हिंगोलीत राहतो, एका इंजिनिअरच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या जुन्या संगणकात.

मला घडवलं निताने. ती पुसेगावची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. तोवर तिने घरांचे नकाशे काढले होते, तेही सपाट जागेवरचे. उताराची जागा तिच्या हाती पहिल्यांदाच आली.

फेब्रुवारीत ती मोजणीला गेली. सोबत ऑफिसचे जुने मोजणीवाले जळबाकाका. ते काठी धरून जागोजागी उभे राहायचे आणि निता मशीनमधून बघून त्या जागेची उंची टिपायची. उत्तरेला ओढा होता, पण जमीन पश्चिमेकडे कललेली होती. पश्चिमेच्या हद्दीला लागून तांड्यातली नऊ घरं, आणि पहिलं घर जिवनबाईचं. तिचा नवरा नरसिंग तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. अर्धं अंग गेलेलं. खाटेवरून पडतो म्हणून तिने त्याची गादी खालीच टाकली होती.

जिवनबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाई, हितं फरशी टाकणार म्हणं. मंग पानी कुठं जाईल? आता जमीन पिऊन घेती, तरी दाराशी चिखल व्हतो."

"न्हाई येणार मावशी तुमच्याकडं," निता म्हणाली. "मी उतार वढ्याकडं काढते."

मग तिने जळबाकाकांना जिवनबाईच्या उंबऱ्यावर काठी धरायला लावली.

"मॅडम, हे आपल्या हद्दीत न्हाई," ते म्हणाले.

"धरा तर."

उंबरा जागेच्या कोपऱ्यापेक्षा वीतभर खाली निघाला.

ऑफिसात आल्यावर निताने ते सगळे बिंदू संगणकात भरले. बिंदू बिंदूला जोडले, त्यांचं त्रिकोणांचं जाळं झालं, आणि त्या जाळ्यातून जमीन उभी राहिली. तोच माझा जन्म. पाणी कुठे जाईल ते दाखवणारे बाण तिने चालू केले. सगळे बाण नऊ घरांकडे वळले.

पुढचे चार दिवस ती माझ्याशी झगडली. तिने गाड्यांचे पांढरे पट्टे आखले, तर ते एका बाजूला हवेत तरंगले आणि दुसऱ्या बाजूला जमिनीत बुडाले. ती एकटीच हसली. मग पट्टे जमिनीवर कसे बसवायचे ते शिकली. सगळा उतार उलटा करायचा तर घरांच्या बाजूला पुरुषभर भराव लागणार होता. तिसऱ्या दिवशी तिला सुचलं. हद्दीच्या अलीकडे दहा मीटरवर तिने मला एक घडी घातली, पन्हळीसारखी. पूर्वेचं पाणी उतरून त्या घडीत यायचं, घरांकडची कडा थोडी उचलल्यामुळे तिकडचंही तिथेच यायचं, आणि सगळं मिळून उत्तरेच्या ओढ्याला जायचं. तिने पुन्हा बाण चालू केले. एकही घरांकडे गेला नाही. तिने जळबाकाकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बराबर हाय." एवढं कौतुक मी नंतर कधी ऐकलं नाही.

जागेचे मालक बघायला आले तेव्हा सोबत ठेकेदार होता. मालकांनी मला पडद्यावर दोनदा फिरवून बघितलं.

"हे मधी घडी घातल्यावानी काहून केलं? वरातीच्या गाड्या वाकड्या उभ्या ऱ्हातील. मला एकसारखं पायजे."

निताने समजावून सांगितलं. घरं दाखवली, उंबरा दाखवला. ठेकेदार म्हणाला, "ताई, पानी आजवर तिकडंच जाऊन राहिलं ना? आपण काय नवीन करून राहिलो?"

ते गेल्यावर निताचे साहेब, प्रमोद सर, तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो.

"त्यांना पाहिजे तसं करून दे, निता."

"सर, नरसिंगकाका खाली झोपतात. त्यांना उठताही येत नाही."

"ते घर आपल्या कामात नाही." मग म्हणाले, "आपण नाही दिलं तर दुसरा कोणी देईल."

निताने माझी एक नक्कल काढली. नकलेतली घडी पुसली, उंबऱ्याचा बिंदू काढून टाकला, आणि जमीन जशी कललेली होती तशीच गुळगुळीत करून दिली. हे सगळं तासाभरात झालं. खाली कोपऱ्यात, नकाशा काढणाऱ्याच्या रकान्यात, तिचंच नाव होतं. त्या नकलेला 'फायनल' नाव मिळालं, मला 'जुना'.

एका रविवारी ती माझा कागद छापून घेऊन बसने बाळापूरला गेली. निदान घरांकडची कडा तरी उचला, असं ठेकेदाराला सांगणार होती. तोवर मुरूम पसरून त्यावर रोलर फिरला होता. ठेकेदाराने तिला चहा पाजला. कागद घडी करून परत दिला.

पोळ्याच्या आठवड्यात दुपारी पाऊस झाला. फार मोठा नव्हता म्हणे. पण आता पाणी प्यायला माती नव्हती. ते फरशीवरून सरळ घरांत शिरलं. जिवनबाई तेव्हा कुणाच्या तरी शेतात निंदायला गेली होती. ती पळत आली तोवर नरसिंगची गादी भिजून जड झाली होती आणि पाणी त्याच्या कानापर्यंत आलं होतं. शेजाऱ्यांनी त्याला उचलून खाटेवर ठेवलं. पुढे ताप आला, छाती भरली. अकराव्या दिवशी तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर छातीचा आजार लिहिला गेला. फरशीचं कुणी लिहिलं नाही, आणि लिहायला तसा रकानाही नसतो. जळबाकाका हे सगळं निताला सांगत होते तेव्हा तिने माऊसवरचा हात काढला नव्हता, पण तो हलतही नव्हता.

महिन्याभराने जिवनबाई पत्ता विचारत ऑफिसात आली. भांडायला आली नव्हती. निताने दिलेलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, तू माझ्या उंबऱ्यावर काठी धरून काय लिहून घेतलं व्हतं?"

निताने मला उघडलं. हे घर, हा उंबरा, हा ओढा, असं बोटाने दाखवलं. बाण चालू केले. जिवनबाई वाकून बघत राहिली.

"मंग पानी तर वढ्याला जाऊन राहिलं."

"ह्याच्यात जातं, मावशी."

"हे कोणाला दाखवलं न्हाई का?"

"दाखवलं."

"मंग?"

निताने बाण बंद केले. जिवनबाईने पडद्याला हात लावला, घडीच्या जागी.

"आता करता येतं का असं?"

"सगळं उखडावं लागल. ते न्हाई उखडणार." मग निता खालच्या आवाजात म्हणाली, "दुसराबी मीच काढला, मावशी."

जिवनबाईने तिच्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदर सावरला, बाळापूरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं आणि गेली.

त्यानंतर मला कुणी उघडलेलं नाही. पुढच्या महिन्यात ऑफिसात नवे संगणक यायचे आहेत. चालू कामं तेवढी त्यात घेणार, असं प्रमोद सर म्हणाले. मी चालू काम नाही. निताने माझ्यासाठी काही विचारलं नाही, आणि मला तिचा राग नाही. ती सध्या वसमत रोडवरच्या एका जागेचं काम करते. पट्टे आता पहिल्याच झटक्यात नीट बसतात.

तुम्ही कधी लग्नाला जाल. गाडी लावून उतराल, चांगले कपडे सांभाळत मांडवाकडे निघाल. तेव्हा एकदा खाली बघा, फरशी कुठल्या बाजूला कलली आहे आणि त्या बाजूला कोण राहतं. बघून काही होणार नाही, फरशी बसलेली असेल. तरी बघा.