पेरोसोच्या नावाचा शर्ट

चिलीतल्या इकीके गावच्या मासळी धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात एंदेर मार्कानो चार वर्षं फावड्यानं बर्फ भरत होता. होड्या समुद्रात जायच्या आत त्यांच्या पोटात बर्फ गेला पाहिजे, म्हणून त्याचं काम उजाडायच्या आधी सुरू व्हायचं आणि दुपारी संपायचं. मग घरमालकीण दोन्या सातुर्निनाच्या घरामागच्या भाड्याच्या खोलीत जाऊन तो झोपायचा. संध्याकाळी उठायचा, बहिणीला फोन करायचा. सुरुवातीला तासभर बोलणं व्हायचं. पुढं पुढं बेल्किस विचारायची, "जेवलास?" तो म्हणायचा, "जेवलो. तिकडे लाईट आहे?" आणि एवढ्यावर फोन संपायचा.

धक्क्यावर कुणालाही ठाऊक नव्हतं, की हा छत्तीस वर्षांचा, थोडा पोक काढून चालणारा व्हेनेझुएलाचा माणूस नऊ वर्षं आपल्या देशाच्या वाळूवरच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. त्यानं कधी सांगितलं नव्हतं. बर्फ भरणाऱ्या माणसानं असलं काही सांगितलं तर लोक हसतात. आणि हसले नाहीत तर कीव करतात, ते आणखी वाईट.

त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा इकीकेत भरणार होती. कावांचाच्या किनाऱ्यावर प्रेक्षकांसाठी मचाणं बांधली गेली, दहा देशांचे झेंडे लागले. एंदेर घरी जाताना मुद्दाम आतल्या रस्त्यानं जाऊ लागला. आपला संघ आलाय हे त्याला माहीत होतं. भेटायला जावं असं रोज वाटायचं. पण भेटून सांगायचं काय?

स्पर्धेला दोन दिवस उरले असताना, दुपारी काम संपवून तो बुटातलं पाणी ओतत होता. एवढ्यात मालक एलेओदोरो ओरडले, "एंदेर, तुझ्याकडं कुणीतरी आलंय. टोपीवाला."

दारात संघाचे प्रशिक्षक, प्रोफे रोसेंदो उभे होते. त्यांच्या हाताखाली एंदेर पहिल्यांदा देशासाठी खेळला होता. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता.

"चार दिवस झाले आम्हाला येऊन," प्रोफे म्हणाले. "तू आला नाहीस. म्हटलं, आपणच जावं."

"काम होतं, प्रोफे."

"हं. पेरोसोचा पाय मोडला. काल सरावात. दुसरा कीपर एकोणीस वर्षांचा आहे, ब्राझीलचं नाव काढलं की त्याला जुलाब होतात. उद्या दुपारपर्यंत यादीत गोलकीपर बदलता येतो." त्यांनी एंदेरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वजन वाढलंय का?"

"दिवसाला चार टन बर्फ ढकलतो. वाढेल कसं?"

"डाइव्ह जमते अजून?"

"पडणं जमेल. उठायचं मग बघू."

प्रोफे हसले नाहीत. "संध्याकाळी सहाला ये. ओळखपत्र आण."

एलेओदोरोंनी रजा दिली, पण कपाळाला आठ्या घालून. "तुमच्या गटात चिली आहे ना रे? म्हणजे मी रजा देऊन स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतोय. जा. पगार मात्र कापणार."

हॉटेलात कप्तान विल्मेरनं त्याला असं कवटाळलं, की एंदेरला क्षणभर काय करावं कळेना. चार वर्षांत त्याला कुणी मिठी मारली नव्हती. बाकीची पोरं नवीन होती. त्यांनी लगेच त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. "आजोबा, कवळी खोलीत ठेवून या हं, वाळूत पडली तर सापडायची नाही!" एंदेर हसला. चिडवत का होईना, आपल्या बोलीत, आपल्या किनाऱ्यावरच्या हेलात कुणीतरी बोलत होतं.

यादीत त्याचं नाव चढलं, बेल्किसला त्यानं तेवढंच कळवलं. शर्टावर चढायला मात्र वेळ नव्हता. सामान सांभाळणाऱ्या माणसाकडं पेरोसोचेच शर्ट होते आणि पाठीवर ठळक अक्षरांत 'पेरोसो' लिहिलेलं होतं.

खोलीही पेरोसोबरोबरच मिळाली. पायाला प्लास्टर, पाय उशीवर, हातात फोन. पेरोसो भला माणूस होता. "घाल बिनधास्त," तो म्हणाला. "फक्त माझ्या नावावर फार गोल खाऊ नकोस. गावात तोंड दाखवायचंय मला."

पहिल्याच सामन्यात एंदेरनं पेरोसोच्या नावावर सात गोल खाल्ले. ब्राझीलपुढं त्याचे पाय वाळूत रुतून बसले. बर्फानं कमावलेली ताकद खांद्यात आणि पाठीत होती. वाळूला हवी असते ती घोट्यात. सामना संपल्यावर तो कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. प्रोफे येऊन एवढंच म्हणाले, "पाचवा आणि सातवा तुझा. बाकीचे कुणालाच थांबवता आले नसते."

दुसऱ्या सामन्यापर्यंत घोट्यांना जुनी सवय आठवली. एक्वाडोरला त्यांनी हरवलं. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे फोन उभे होते. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचं रांगतं बाळ. एकाच वेळी दहा घरं त्या टेबलावर बोलत होती. एंदेरनंही बेल्किसला फोन लावला. लागला नाही. तो भात आणि काळा घेवडा खात बसला. समोर दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ पडद्यातून त्याला टाटा करत होतं, म्हणून त्यानंही हात हलवला.

मग चिली.

दुपारी मचाणं खचाखच भरली. वाळूवर पाणी मारून झालं होतं, तरी ती पायाखाली तापलेलीच होती. एंदेर गोलापाशी गेला तेव्हा मागच्या मचाणावरून ओळखीची शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, धक्क्यावर ट्रकला थांबवायची शिट्टी. त्यानं वळून पाहिलं. निबाल्दो होता. त्याच्याच पाळीचा, त्याच्याच शेजारी फावडं मारणारा. तोंडाला तांबडा-निळा रंग फासून बसला होता.

"ए बर्फवाल्या!" निबाल्दो ओरडला. "सोमवारी कामावर यायचंय ना? मग सांभाळून!"

आसपासचे लोक खदखदून हसले. एंदेरही हसला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, त्याला न ओळखणाऱ्या कुणीतरी आवाज टाकला, "परत जा तुझ्या देशात!" त्यावरही हसणं झालं. निबाल्दो हसला की नाही, ते एंदेरनं पाहिलं नाही. त्यानं पाठ फिरवली.

सामना तुंबळ झाला. चिलीनं दोन गोल केले, व्हेनेझुएलानं तीन, मग पुन्हा चिलीनं. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा चार-चार होते. आणि विल्मेरनं गोलासमोरच चिलीच्या आघाडीवाल्याला पाडलं.

वाळूवरच्या फुटबॉलमध्ये फ्री किकला आडवी भिंत उभी करता येत नाही. ज्याला पाडलं त्यानंच मारायची, आणि बाकी सगळ्यांनी चेंडूच्या मागं सरायचं. एकेक जण एंदेरकडं पाहत मागं गेला. विल्मेरनं छातीवर क्रूस काढला. समोरची सगळी वाळू रिकामी झाली. दहा पावलांवर चेंडू, त्यामागं तो पोरगेला आघाडीवाला, आणि इकडं एंदेर. हजारो माणसं एका सुरात ओरडत होती. त्या गदारोळात त्याला एकदम शांत वाटलं. ही जागा त्याच्या ओळखीची होती. गेली चार वर्षं तो जवळजवळ अशाच जागी उभा होता.

पोरानं वाळूचा छोटा ढीग केला, त्यावर चेंडू ठेवला. ढीग डावीकडून जरा जास्त दाबला. एंदेरनं ते टिपलं. चेंडू सुटला तेव्हा तो उजवीकडं झेपावलेला होता. चेंडू मनगटावर आदळून वर उडाला, आणि खाली येताना त्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी घेतला. उठता उठता त्याला विल्मेर दिसला, पलीकडं मोकळा. एंदेरनं सगळ्या खांद्यानिशी चेंडू फेकला. बर्फानं दिलेली ताकद तेवढ्यापुरती कामी आली. विल्मेरनं छातीवर घेतला, वळला, मारला.

पाच-चार. शिट्टी झाली.

सगळे विल्मेरवर जाऊन पडले. राखीव खेळाडू, मसाजवाला, प्रोफेसुद्धा. माणसांचा ढीग पलीकडच्या गोलापाशी होता आणि एंदेर अलीकडच्या. तो चार पावलं धावला. पण घोटा मुरगळला होता, आणि तो पोचेपर्यंत ढीग मोडून पोरं झेंडा घेऊन मचाणाकडं निघाली होती. तो वाटेतच गुडघ्यांवर बसला आणि श्वास घेत राहिला.

संध्याकाळी बेल्किसचा फोन लागला.

"एंदेर! लाईट नव्हती रे. पण शेजारच्या दोन्या ओमायराच्या रेडिओवर ऐकलं सगळं. सेल घातले त्यात. सगळी आळी गोळा झाली होती. काय तो शेवट! आम्ही रडलो."

"हो ना?" एंदेरनं फोन कानाशी घट्ट धरला. "ऐकलंस ना तू?"

"ऐकलं की. पेरोसोनं काय अडवला! माणूस आहे का मांजर? तुला मात्र खेळवलंच नाही रे त्यांनी. मी कान देऊन ऐकत होते, एकदाही तुझं नाव नाही. वाईट नको वाटून घेऊस. या वयात संघात घेतलं, हेच पुष्कळ."

एंदेर म्हणाला, "बेल्किस, तो मी होतो. शर्ट पेरोसोचा होता."

"काय? ऐकू येत नाहीये—"

"मी होतो. मी अडवला."

"तू होतास?" ती थांबली. मग एकदम ओरडली, "तू होतास!" आणि मग हळूच, रडवेल्या आवाजात, "आणि मी तुला पेरोसोचं कौतुक सांगतेय. पण आता सगळे घरी गेले रे. मी आता कुणाला सांगू?"

"राहू दे. तुला कळलं, झालं."

खोलीत आला तर पेरोसो पलंगावर कानकोंडा होऊन बसला होता. त्याचा फोन थांबायला तयार नव्हता. सारखा थरथरत होता.

"ही बघ," तो म्हणाला. "माझी शाळेतली बाई. हा आमच्या गावचा पाद्री. ही जिनं मला सोडलं ती. सगळे अभिनंदन करताहेत. सगळ्यांना लिहून थकलो, बाबांनो, माझा पाय प्लास्टरात आहे. त्यांना वाटतं विनय करतोय." त्यानं फोन उशीखाली सारला. "माफ कर, गड्या."

"तुझा काय दोष त्यात?" एंदेर म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानं बर्फाची पिशवी घोट्याला लावली. उशीखाली फोन थरथरत होता.

उपांत्य सामन्यात पाराग्वेनं त्यांना हरवलं, आणि तिसऱ्या जागेसाठी कोलंबियानं. चौथा नंबर आला. तरी गेल्या कित्येक वर्षांतला तो सगळ्यात चांगला होता, म्हणून पोरं खूश होती.

निघायच्या आदल्या दुपारी प्रोफेंनी एंदेरला समुद्राकडं तोंड करून असलेल्या बाकावर बसवलं.

"आमच्याबरोबर चल. विमानात जागा करतो. घरी ला ग्वाइरात सराव, सहा महिन्यांनी पुढची स्पर्धा. तुझ्यात अजून दोन वर्षं आहेत."

"आणि मग?"

प्रोफेंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग मी काय सांगू? तुला खोटं कधी सांगितलं नाही."

"तीन वर्षांपूर्वी इथं कायदेशीर राहायचा अर्ज केलाय, प्रोफे. पुढच्या महिन्यात बोटांचे ठसे द्यायला बोलावलंय. बाहेर पडलो तर सगळं पाण्यात. परत आत यायचं तर पुन्हा ते सीमेवरच्या डोंगरांतून चोरून चालणं. मागच्या वेळी आम्ही सात जण निघालो होतो." पुढचं त्यानं सांगितलं नाही. "आणि बेल्किसचं घर माझ्या बर्फावर चालतं."

"वाईट वाटतंय तुला?"

"चांगलं वाटत होतं, त्याचंच वाईट वाटतंय."

प्रोफेंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलासमोर बस लागली. सामानवाल्यानं सगळ्यांचे शर्ट मोजून पोत्यात भरले, एंदेरचाही. पोरांनी ओळीनं त्याला मिठ्या मारल्या. "आजोबा, काठी घेऊन फिरा!" पेरोसो कुबड्या सांभाळत पायरी चढला. विल्मेर शेवटी आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण चालकानं हॉर्न वाजवला, तेव्हा त्यानं एंदेरचं डोकं धरून आपल्या कपाळाला टेकवलं आणि आत गेला. बस वळली. खिडक्यांतून हात हलत होते. मग हात आत गेले आणि प्रत्येक खिडकीत फोनचा उजेड दिसला. आम्ही निघालो, असं घरी कळवत असणार.

एंदेर मचाणांजवळून चालत गेला. माणसं फळ्या उचकटत होती. दोन जण गोलाची जाळी घडी घालत होते. त्यानं एक टोक धरून मदत केली. त्यांनी त्याला ओळखलं नाही. आभार मात्र मानले.

सोमवारी धक्क्यावर निबाल्दो गप्प होता. पहिला ट्रक भरून झाला, दुसरा झाला. पाव खायच्या सुट्टीत तो फावड्यावर रेलून म्हणाला, "तो पोरगा डावीकडं मारणार होता. सगळ्यांना वाटलं. तू उजवीकडं कसा गेलास?"

"ढीग डावीकडून दाबला होता त्यानं."

निबाल्दोनं मान हलवली. "हलकट आहेस," तो म्हणाला. शिवी होती की कौतुक, ते एंदेरला कळलं नाही. पाव तोंडात कोंबून निबाल्दो पलीकडं आपल्या माणसांत जाऊन बसला.

दुपारी तो घरी आला तेव्हा दोन्या सातुर्निना अंगणात कोंबडी सोलत होती. म्हातारी फार कमी बोलायची.

"दहा दिवस खोली बंद होती तुझी," ती म्हणाली. "मला वाटलं, गेलास."

"गावाकडची माणसं आली होती. त्यांच्याबरोबर होतो."

"बरी होती?"

"बरी होती."

"गेली?"

"गेली."

तिनं हात फडक्याला पुसले, चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं आणि आत पाहिलं. "सूप आहे. मी वाडग्यात वाढते. किती जणांचं वाढू, एकट्याचंच ना?"

"एकट्याचंच," एंदेर म्हणाला, आणि हात धुवायला नळाकडं गेला.