अर्ध्यावर सोडून जाणारी बोटं

मित्रांनो, मी एक जुनी जाहिरात आहे. भिंतीवर चिकटवलेली नव्हे आणि टीव्हीवर लागणारीही नव्हे. मी खेळायची जाहिरात आहे. तुम्ही मोबाइलवर एखादा खेळ खेळत असता, मध्येच तो थांबतो आणि भलत्याच खेळाचा एक तुकडा समोर येतो. बोट लावलं की तो हलतो. अर्ध्या मिनिटाचा त्याचा जीव. तो तुकडा म्हणजे मी. तुमच्यापैकी पुष्कळांनी कोपऱ्यातली फुली दाबून माझ्या भावंडांना घालवून दिलं असेल. त्याचा मला राग नाही. लोक ती फुली का दाबतात, हे एका बाईनं शोधून काढलं आणि त्यामुळेच माझा जन्म सार्थकी लागला.

मी सर्बियातल्या नोवी साद शहरात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर जन्मले. खाली सकाळी सहापासून परातीएवढे बुरेक, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या खुसखुशीत पोळ्या, भट्टीतून निघत आणि वर पाच माणसं तीन वर्षं एकच खेळ घडवत बसलेली असत. डॅन्यूब नदीला पूर आलेला आहे, घरं छपरापर्यंत बुडाली आहेत आणि खेळणाऱ्यानं तराफा नेऊन एकेकाला काठावर आणायचं आहे, असा तो खेळ. चित्रं ओग्न्येनची. हा माणूस बोले थोडं आणि चिडे लवकर. मालक वुकाशिन. तो सगळ्यांशी गोड बोले आणि दिवसभर नखं खात असे. आणि यास्ना. ती आधी शहराच्या बस कचेरीत होती. कुठल्या थांब्यावर किती माणसं चढली, किती मधेच उतरली, हे बघण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. इथंही तिचं काम तेच होतं. फक्त बसऐवजी मी आणि माणसांऐवजी बोटं.

खेळ बाजारात नेणाऱ्या वितरकानं, मी जगात सुटल्यापासून दहा दिवसांची मुदत दिली होती. मला खेळून पुरेसे लोक खेळाकडे वळले, तर ठीक. नाहीतर तो खेळ सोडून देणार होता. मग त्या पाच जणांनी पाच दिशांना कामं शोधायची.

ओग्न्येननं जीव ओतून मला घडवलं. माझी वाट तीन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर तराफ्याचा दोर सोडायचा. दुसऱ्या पायरीवर छपरावरच्या आजीबाईला तराफ्यावर घ्यायचं. तिसऱ्या पायरीवर तराफा काठाला ओढायचा. काठाला लागलं की एक हिरवं बटण यायचं आणि ते दाबलं की माणूस थेट मोठ्या खेळात. पाण्यावर त्यानं संध्याकाळचं ऊन उतरवलं, आकाशात तीन सुंदर ढग सोडले आणि छपराच्या टोकाला, जागा रिकामी दिसते म्हणून, एक पांढरी बकरी काढली.

सोमवारी सकाळी मला जगात सोडलं. मित्रांनो, तो आनंद काय सांगू! एका क्षणी मी हजार ठिकाणी होते. कुणाचं बोट जाड, कुणाचं थरथरतं, कुणाच्या बोटाला पीठ लागलेलं. दोर सुटत होते, आजीबाई तराफ्यावर येत होत्या. मला वाटलं, मी जिंकले.

आणि तिसऱ्या पायरीवर बोटं थांबली. शंभरातली नव्वद माणसं आजीबाईला तराफ्यावर घेत, क्षणभर घुटमळत आणि फुली दाबून निघून जात. काठ समोर दिसत असताना!

बैठक बसली. ओग्न्येन म्हणाला, लोकांना कळत नाही. वुकाशिननं मान हलवली. मग तिसऱ्या पायरीवर त्यांनी एक मोठा बाण लावला. दुसऱ्या दिवशी जाणारे वाढले. त्यांनी बाण लाल केला आणि वर घड्याळ लावलं, म्हणजे लोक घाई करतील. जाणारे आणखी वाढले. चौथ्या दिवशी वितरकाच्या माणसानं फोनवर सुचवलं, की फुली इतकी बारीक करा की बोट चुकून हिरव्या बटणावर पडेल. माझ्या अंगावर काटाच आला.

यास्ना म्हणाली, "चुकून चढलेला माणूस पुढच्या थांब्याला उतरतो. वर शिव्या देतो त्या वेगळ्या."

वुकाशिननं तिला विचारलं, मग काय करायचं. तिनं सांगितलं, की आपण फक्त कामाच्या जागेवर पडलेली बोटं टिपतोय. दोर, आजीबाई, तराफा. बाकीच्या पडद्यावर लोक काय करतात, हे आपल्याला ठाऊकच नाही. मला सगळी बोटं हवीत. वाया गेलेलीसुद्धा.

"वाया गेलेली मोजून काय मिळणार?" ओग्न्येन म्हणाला.

"ते मोजल्यावर सांगते."

तो कुरकुरला, पण त्यानं तशी सोय केली. माझ्यावर आता प्रत्येक स्पर्शाचा एक लाल ठिपका उमटू लागला. कोण आहे, कुठला आहे, हे मला कळत नसे. फक्त कुठे आणि किती वेळा. सहाव्या दिवशी यास्नानं ते हजारो ठिपके एकावर एक ठेवून पाहिले आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली. तराफ्याजवळ थोडे ठिपके होते. बाणाजवळ जवळपास नव्हतेच. पण छपराच्या टोकाला, जिथे दाबण्यासारखं काहीच नव्हतं, तिथे लालभडक ढीग साचला होता.

ढीग बकरीवर होता. लोक तिला एकदा दाबत, दोनदा दाबत, काही जण तर सात-आठ वेळा दाबत. आणि मग फुली.

तरी यास्नानं लगेच कुणाला काही सांगितलं नाही. ठिपक्यांवरून माणसाच्या मनातलं ओळखलं, असं म्हणणं तिला धाडसाचं वाटलं. तिनं मला फोनमध्ये घेतलं आणि ओग्न्येनला ओढत भाजीबाजारात नेलं. तिथे देसांका मावशी लाल मिरच्यांच्या राशीमागे बसते. यास्नानं फोन तिच्या हातात दिला आणि ओग्न्येनला बजावलं, की मावशी खेळत असताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

मावशीनं हात पुसले. दोर सोडला. आजीबाईला उतरवलं. लाल बाण चमकू लागला. मावशीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिचं बोट वर गेलं, छपराच्या टोकाला. एकदा. दोनदा. तीनदा. मग तिनं चष्म्यावरून ओग्न्येनकडे पाहिलं.

"हिचं काय?"

ओग्न्येनला राहवलं नाही. "ती नुसती शोभेची आहे, मावशी. तुम्ही तराफा ओढा."

"शोभेची? पाणी तिला शोभेची म्हणून सोडणार आहे होय?"

"पण खेळात तसं..."

"मग नको मला तुझा खेळ. त्या म्हातारीला विचार, बकरी टाकून जाईल का ती. चल, मिरच्या घ्यायच्या तर घे, नाहीतर बाजूला हो." आणि तिनं फुली दाबली.

ओग्न्येननं मावशीच्या हातातून फोन घेतला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे त्यांना कळत होतं."

"सगळं कळत होतं," यास्ना म्हणाली. "आपण बाण मोठा करत होतो. त्यांना वाटत होतं, आपण सांगतोय, सोडा तिला आणि चला."

ते दोघं कचेरीत अक्षरशः पळत आले. पण एक अडचण होती. माझ्यासारखीचं वजन, म्हणजे फोनमध्ये ती किती जागा खाणार ते, ठरलेलं असतं. त्याहून जड झाले तर मला कुणी दारात उभं करत नाही. बकरीला चालवायचं, उडी मारायला लावायचं, तर काहीतरी काढून टाकायला हवं होतं. ओग्न्येननं आपल्या तीन ढगांकडे पाहिलं. त्यांच्यावर त्यानं दोन आठवडे घालवले होते. एकेक करून त्यानं ते पुसले. घड्याळही काढलं, बाणही काढला. फुली मात्र वुकाशिननं स्वतः मोठी करायला लावली. जायचंय त्याला नीट जाऊ दे, म्हणाला. वितरकाच्या माणसाला त्यानं फोनवर पहिल्यांदाच चढ्या आवाजात उत्तर दिलं.

नवव्या दिवशी सकाळी मी पुन्हा निघाले. पाचही जण एका पडद्याभोवती उभे, हातातले बुरेक तसेच. पहिलं बोट आलं. दोर, आजीबाई, मग बकरी. बकरीनं छपरावरून उडी घेतली, तराफा डगमगला, सावरला आणि बोटानं तो काठाला ओढला. हिरवं बटण! दुसरं बोट, तिसरं, विसावं. शंभरातले एकसष्ट लोक काठाला पोचू लागले. वुकाशिननं यास्नाला उचललं, तेव्हा बुरेकबरोबर प्यायचं तिचं पातळ दही टेबलावर सांडलं आणि कुणी पुसलंही नाही. वितरकानं दुपारीच फोन करून खेळ सोडत नसल्याचं सांगितलं आणि मुदत उठवली.

त्या गडबडीत यास्नाला आणखी एक दिसलं. बकरी तराफ्यावर आल्यानंतरही लोक तिच्यावर बोट ठेवत होते. दाबत नव्हते, हलकेच फिरवत होते. त्यानं काहीच घडत नव्हतं.

"आता हे कशासाठी?" वुकाशिननं विचारलं.

"कुरवाळतायत," ओग्न्येन म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

मित्रांनो, जाहिरातीचं आयुष्य थोडं असतं. दोन महिन्यांत लोकांनी मला ओळखलं, मग कंटाळले, आणि माझ्या जागी दुसरी आली. हे रीतसरच आहे. आता मी एका फोल्डरमध्ये पडून असते. क्वचित कुणी नवं माणूस कामाला लागतं, तेव्हा यास्ना मला उघडून त्याच्यासमोर ठेवते आणि स्वतः काही बोलत नाही. बोट लागलं की मी आजही तशीच शहारते.

तुम्हाला एवढंच सांगते. तुम्ही मन लावून काही बनवाल, चित्र, गोष्ट, नाहीतर एखादा खेळ, आणि कुणीतरी ते अर्ध्यावर सोडून जाईल. तेव्हा त्याला बिनडोक म्हणू नका. त्याचं बोट शेवटी कुठे टेकलं होतं, ते जाऊन बघा. तिथे त्यानं काहीतरी मागितलेलं असतं.