हिरवा दिवा उशिरा लागला

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. माराकाइबो शहरात एदिल्माबाईंच्या घरी, भिंतीतली वीज आणि त्यांचा संगणक यांच्यामध्ये माझी जागा. विजेचा दाब फार चढला किंवा फार पडला, की मी वाट बंद करते आणि लाल दिवा लावते. दाब ताळ्यावर आला, की हिरवा. एवढंच माझं काम. पण माणसांच्या डोक्यात तेवढंही शिरत नाही.

नवी होते तेव्हा काय कौतुक माझं! पुढे वर्षानुवर्षं संगणक मी वाचवला आणि शाबासकी त्याला. म्हणे, किती टिकाऊ निघाला! टिकाऊ कसला, माझ्या जिवावर नुसता मिरवत होता. माझ्या वाट्याला धूळ आणि मुंग्या.

वीज गेली की आमच्या गल्लीत पंख्याचं बटण चालूच ठेवतात. पातं हललं, की "आली, आली!" म्हणून सगळे ओरडतात आणि घरातलं होतं नव्हतं ते चालू करतात. परत आलेली वीज पहिली काही मिनिटं पिसाळलेली असते, हे या शहाण्यांना कोण सांगणार?

त्या दिवशी चिलीत एदिल्माबाईंच्या लेकीचं, यादिराचं लग्न होतं. जाणं जमलं नव्हतं, म्हणून आई ते संगणकावर पाहणार होती. निळा झगा घालून, ओठ रंगवून त्या सकाळपासून तयार होत्या. ऐन वेळी वीज गेली. परत आली तेव्हा पंखा गरागरा फिरला, पण दाब भलताच चढला होता. मी लाल दिवा सोडला नाही.

त्यांचा भाऊ नेरिओ, घरचा बिनपगारी इंजिनिअर, तो वैतागला.

"ताई, पंखा फिरतोय, म्हणजे वीज आहे. ही डबीच ती खातेय."

"थांब रे जरा. हिरवा लागू दे."

"तोवर पोरगी नवऱ्याचा हात धरून बाहेर पडेल."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. त्याने संगणकाची वायर माझ्यातून उपटली आणि शेजारी थेट भिंतीत खुपसली. पडदा नुसता उजळला. यादिरा दिसायच्या आतच फट्‌ झालं आणि जळका वास सुटला. संगणक जुनाच होता, असं नेरिओ म्हणाला.

थोड्या वेळात दाब उतरला आणि मी हिरवा दिवा लावला. एदिल्माबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"लागला बघ," त्या भावाला म्हणाल्या आणि ओठांचा रंग हाताने पुसून टाकला.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, माझं कौतुक तर मुळीच करू नका. लाल दिवा दिसला, की हात मांडीखाली घालून गप्प बसा. तेवढं तरी जमतंय का बघा. आता माझ्याकडे बाईंचा फ्रीज आहे आणि वीज आली, की नेरिओ अजून पंख्याकडेच बघतो.