न चाखलेला रस

पावसाळ्यात भिक्खूंचा वर्षावास सुरू झाला की आमच्या वडनेरच्या विहारात पौर्णिमेला अष्टशील घेणारे वाढतात. अष्टशील घेतलं की दुपारी बारानंतर जेवायचं नाही. पाणी चालतं, गाळलेला फळांचा रस चालतो, पण चावून खायचं काही चालत नाही. मुलांना हे समजावून सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो धम्मरत्ननं विचारला.

"बाई, आइस्क्रीम? ते तर चावाच लागत नाई."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी मी विहारात मुलांचा वर्ग घेते. मुलांच्या प्रश्नाला हसून उत्तर टाळायचं नाही, एवढा एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. आइस्क्रीम दुधाचं असतं, दूध म्हणजे जेवणच, असं मी सांगितलं. त्यावर मागच्या बाकावरून भारदस्त आवाज आला, "बराबर हाये."

हे पंजाबराव. एसटीत कंडक्टर होते. विहारासमोरच त्यांचं घर आहे आणि मुलांमध्ये बसायला त्यांना आवडतं. यंदाच्या दिवाळीत त्यांना श्रामणेर शिबिराला जायचं होतं. डोकं मुंडवायचं, चीवर घालायचं आणि दहा दिवस भिक्खूंसारखं राहायचं. पहाटे उठणं, ध्यान, भिक्षेचं अन्न आणि दुपारनंतर उपास. त्यांनी हे साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"सारी नोकरी 'पुढे सरका, पुढे सरका' करन्यात गेली," ते म्हणायचे. "आता जरा गप बसून पाह्यचं हाये, बाई. गुडघे चालतात तोवर."

अडचण एकच होती, त्यांची बायको भिमाबाई. तिचा शिबिराला विरोध नव्हता, पण नवऱ्याच्या भुकेवर तिचा विश्वास नव्हता. आषाढ पौर्णिमेला पंजाबरावांनी सगळ्यांसमोर अष्टशील घेतलं आणि त्याच संध्याकाळी चिवड्याच्या डब्यात हात घालताना ते घरात सापडले. ही गोष्ट भिमाबाईनंच मला सांगितली, आणि मुलांना कुणी सांगितली ते मला माहीत नाही, पण त्यांनाही ती ठाऊक होती.

"तिथं लोकांच्या देखत चिवडा मागसान त मी तोंड कुठं लपवू?" भिमाबाई म्हणाली. "आधी घरी आठवडाभर करून दाखवा. रातच्याले काई नाई. मंगच जा."

"रातच्याले काय घेऊन बसली व? दिवसाबी खात नाई. निस्ता रस."

हे रसाचं त्यांच्या डोक्यात मोबाईलमधून आलं होतं. एक गोरागोमटा माणूस पांढरा सदरा घालून रोज नवी भाजी पिळून दाखवायचा आणि रसावर राहिलं की शरीर आतून धुऊन निघतं, असं सांगायचा. पंजाबरावांनी त्याचं आणि अष्टशीलाचं एकत्र करून टाकलं. विहारात रस चालतो, हा माणूसही रसच सांगतो, मग दोन्ही एकच, असा त्यांचा हिशेब.

"धुवाले तुमी काय गोधडी हाये काय?" भिमाबाई म्हणाली.

वर्गातही त्यांनी ही घोषणा केली. समता त्यांच्याच शेजारची, दहा वर्षांची, कुठलीही गोष्ट अर्धी ऐकून न सोडणारी.

"आजोबा, शरीर आतून धुतल्यावर घाण कुठून निघते?"

साऱ्या वर्गानं तोंडं दाबली. मी फळ्यावर मूत्रपिंडांचं चित्र काढलं, यकृताचं काढलं, आणि आपण जेवलेलो असो की उपाशी, हे दोघे रात्रंदिवस गाळण्याचं काम करत असतात, त्यासाठी त्यांना वेगळा रस लागत नाही, असं सांगितलं. पंजाबरावांनी मान हलवली. पण ती मान मला ओळखीची होती. उत्तर पाठ नसलेला मुलगा शिक्षकाला वाईट वाटू नये म्हणून हलवतो तशी.

सोमवारपासून त्यांनी रस सुरू केला. रस काढायचं काम सुनेकडे, मयुरीकडे आलं. मुलगा प्रसेनजित ड्यूटीवर गेला की घरात हे तिघंच. मयुरी चांगली सुगरण आहे, आणि चांगल्या सुगरणीसारखी तिला चाखायची सवय. काकडी असो, दोडका असो, दुधी असो, देठाकडची एक चकती कापून जिभेला लावायची आणि मगच विळीवर घ्यायचं. आमच्याकडे घरोघरी बाया हेच करतात. कुणी शिकवत नाही, पाहून येतं.

पहिल्याच दिवशी मोसंबीची फोड तिनं तोंडात टाकली तेव्हा पंजाबरावांनी तिला थांबवलं.

"पोरी, आता हे चाखायचं नाई. भंतेजीले भोजनदान देतो तवा आपन आधी चाखतो काय?"

"नाई, बाबा."

"मंग? हे बी तसंच. शिलाचं हाये."

आपलाच पेला त्यांनी दानाचा केला होता. देणाऱ्या घरातले ते, घेणारेही तेच. मयुरीला हसू आलं असणार, पण सासऱ्यांपुढे ती हसली नाही. तिनं चाखणं बंद केलं.

आठवड्याच्या मध्यापर्यंत पंजाबराव खरंच टिकले. चेहरा उतरला, आवाज बारीक झाला, पण त्यांनी चिवड्याकडे पाहिलं नाही. भिमाबाई मला म्हणाली, "बाई, मले वाटलं नोतं. बुढा जिंकते वाटते." तिच्या बोलण्यात काळजी होती आणि थोडा अभिमानही होता. शनिवारी तिनं पेटीतून धुतलेलं पांढरं धोतर काढून ठेवलं. शिबिराला जाताना पांढऱ्या कपड्यांत जायचं असतं.

रविवारी सकाळी मोसंबी संपली होती. त्यांच्या न्हाणीच्या पत्र्यावर दुधीचा वेल चढलेला आहे. तो कुणी लावलेला नव्हता, आपोआप उगवलेला. त्याचे दोन-तीन दुधी श्रावणात शिजवून खाल्ले होते, चांगले गोड निघाले होते. उरलेला एक मयुरीनं काढला, किसला, फडक्यातून पिळला आणि आलं घालून पेला सासऱ्यांच्या हातात दिला.

पहिल्या घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कडू लागते काय, बाबा?"

"लागनारच. औषध हाये ते."

"राहू द्या मंग. म्या दुसरा—"

"पात्रात घेतलेलं टाकत नसतात," पंजाबराव म्हणाले आणि नाक न धरता सगळा पेला रिकामा केला. कडू आहे म्हणजे आतल्या घाणीला लागत आहे, असं ते तिला समजावून सांगत होते. मग पांढरा सदरा घालून विहारात आले.

मी मुलांकडून त्रिशरण म्हणून घेत होते. पंजाबराव नेहमीच्या जागी बसले. थोड्या वेळानं त्यांनी पोट धरलं. मग उठून भिंतीच्या आधारानं बाहेर गेले आणि कडुनिंबाखाली त्यांना मोठी उलटी झाली. मी मुलांना जागेवर बसायला सांगून धावले. समता माझं न ऐकता मागं आली.

"आजोबा, पानी आनू?"

"कायी नाई, कायी नाई," ते हात हलवत म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "घान निघून राह्यली. त्यानं सांगतलंच होतं. पयले उलटी होते, जुलाब होते, घाबराचं नाई."

धम्मरत्न दारातून ओरडला, "पाहा बे, आजोबा धुऊन राह्यले!"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो आत गेला.

समता तोवर समोरच्या घरात पोचली होती. भिमाबाई आणि मयुरी दोघी आल्या. तेवढ्यात पंजाबरावांना पुन्हा उलटी झाली, आणि या वेळी तिच्यात लाल रेघा होत्या. मी म्हटलं, "पंजाबराव, दवाखान्यात जायचं. आत्ता."

"नाई."

"रक्त आहे त्यात."

"घसा खरचटला असन." ते ओट्यावर बसले. पोटातली कळ येत होती तेव्हा त्यांचे गुडघे वर येत होते. "आज आठवडा भरते, बाई. आज दवाखान्यात गेलो त झालं. ही मले आयुष्यभर जाऊ देनार नाई."

म्हणजे आपल्या अंगाला काय होतंय हे त्यांना कळत होतं. पण दवाखाना म्हणजे हार, आणि हार म्हणजे शिबिर गेलं, हे त्यांना त्याहून पक्कं वाटत होतं. मी समजावलं, उलटी म्हणजे धुणं नव्हे, पोट नको असलेलं बाहेर फेकतं, हे सांगितलं. शिकवणीची वेळ नव्हती ती, पण सवय सुटत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मयुरी परत घरात धावली होती. ती पिळलेल्या दुधीचा चोथा मुठीत घेऊन आली, आणि आमच्यासमोर तिनं चिमूटभर जिभेवर ठेवला. लगेच थुंकली. पुन्हा थुंकली. पदरानं जीभ पुसली.

"आई, हे दुधी नाई व. कारल्यापरीस कडू हाये. इखावानी." तिला रडू फुटलं. "माह्या हातचं पेले ते."

भिमाबाईनं तो चोथा हातात घेतला नाही, वासही घेतला नाही. ती नवऱ्यासमोर जमिनीवर उकिडवी बसली.

"आयकता काय?"

"हं."

"शिबिराले जा."

पंजाबरावांनी डोळे उघडले.

"जा म्हनते ना. तुमी आठवडा काढला, म्या पाह्यलं. आता उठा आन् गाडीत बसा. बाई इथं हायेत, पोरं हायेत, साऱ्याइच्या समोर सांगून राह्यली. दवाखान्यात गेले तरी तुमचं शिबिर कोनी नेत नाई."

"नंतर पलटशीन."

"आतापरेंत कवा पलटली?"

पंजाबरावांनी जरा विचार केला. एवढ्या कळा येत असतानाही त्यांनी विचार केला, हे मी पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिनं त्यांना उठवलं.

पलीकडच्या गल्लीतला गजेंद्र भाजीचा पिकअप घेऊन मलकापूरला निघालाच होता. कोबीची पोती खाली उतरवून त्यानं मागं गादी टाकली. मी आणि भिमाबाई सोबत गेलो. रस्त्यात पंजाबरावांचं अंग गार पडत चाललं होतं. त्यांना झोप येऊ नये म्हणून भिमाबाई त्यांना नांदुरा ते मलकापूरचे सगळे थांबे विचारत होती, आणि ते डोळे मिटूनच एकेक सांगत होते. एक थांबा चुकला तेव्हा तिनं त्यांना टोकलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं, काय खाल्लं? भिमाबाईनं पदराच्या गाठीतून चोथा काढला. मयुरीनं तो तिथं बांधून दिला होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि नर्सला सलाईन लावायला सांगितलं. रक्तदाब फार खाली गेला होता. कडू निघालेल्या दुधीत विष असतं, शिजवलं तरी ते जात नाही, आणि रस काढला की सगळंच्या सगळं पोटात जातं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. उशीर झाला असता तर अवघड होतं, असंही म्हणाले. एकाच वेलाचा एक दुधी गोड आणि दुसरा कडू निघू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी मी ते मुलांना सांगितलं.

पंजाबराव दोन-तीन दिवसांत घरी आले. मयुरी त्यांच्यासमोर यायला तयार नव्हती. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"तुले चाखू नोको कोन म्हनलं होतं?"

"तुमी, बाबा."

"मंग रडून काऊन राह्यली? जा, वरन-भात आन. आन् आधी चाख."

भिमाबाईला मात्र त्यांनी संध्याकाळी वेगळं सांगितलं, मी तिथंच बसले होते. "तू त्या दिवशी म्हनलं ते सोडून दे. मरता मानूस पाहून बोललेलं मी धरत नाई."

"तुमी नका धरू. म्या धरते," ती म्हणाली. "पन डॉक्टर हो म्हनन तवाच."

डॉक्टरांनी महिनाभर वेळेवर साधं खायला सांगितलं आणि शेवटच्या तपासणीत हो म्हणाले. तरी भिमाबाईनं शिबिराच्या भंतेजींना स्वतः फोन लावला. नवऱ्याचं पोट नुकतंच बरं झालंय, दुपारनंतर त्रास झाला तर काय करायचं, असं तिनं स्पष्ट विचारलं. आजाऱ्याला गूळ, मध, तूप औषध म्हणून केव्हाही चालतं, विनयाच्या नियमांतच तशी सोय आहे, असं भंतेजी म्हणाले. तिनं लगेच गुळाची ढेप फोडून पुडा बांधला.

शिबिर खामगावकडच्या एका विहारात होतं. दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी मी वर्गातल्या मुलांना घेऊन तिथं गेले, भिमाबाई आणि मयुरीही आल्या. दुपारी श्रामणेर झाडाखाली बसले होते. मुंडन केलेले, एकाच रंगाच्या चीवरातले. मुलांना आजोबा ओळखू येईनात. समतानं ओळखले, कानांवरून.

आम्ही वंदन केलं. चीवरातल्या माणसाला घरच्यांनीही वंदन करायचं असतं. भिमाबाई तीन वेळा वाकली आणि थोडी दूर बसली. तिथूनच तिनं विचारलं, "पोटात आग-बिग नाई ना पडत?"

"नाही, उपासिके," पंजाबराव खाली पाहत म्हणाले.

भिमाबाई माझ्याकडे वळली. "बाई, आयकलं? घरी 'काय व'च्या पुढं जीभ जात नाई ह्याइची."

श्रामणेरांनी हसायचं नसतं असं नाही, पण पंजाबरावांनी ओठ घट्ट मिटले.

"आजोबा, भूक लागते?" धम्मरत्ननं विचारलं.

"लागते."

"मंग काय करता?"

"लागली म्हणून पाहतो. थोड्या वेळानं जाते. परत येते."

धम्मरत्नला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. आतून घंटा वाजली. बाकीचे श्रामणेर उठू लागले. पंजाबराव गुडघ्यावर हात ठेवून उठताना जरा अडखळले आणि भिमाबाईचा हात सवयीनं पुढे गेला. तिनं तो मध्येच मागं घेतला, कारण चीवरातल्या माणसाला बाईनं हात लावायचा नसतो. ते स्वतःच सरळ झाले.

समता त्यांच्यामागून निघाली होती. भिमाबाईनं तिचं बखोट धरलं.

"थांब व, पोरी," ती म्हणाली. "भंतेजीले ध्यानाले जाऊ दे."